काटा जागचा हलला नाही

३ मार्च, रविवार

काटा बावन्नवर. मागच्या रविवारीही बावन्नच होता. हिने चपला काढल्या, चष्मासुद्धा माझ्या हातात दिला आणि काट्यावर उभी राहिली. मी गुडघे टेकून आकडा वाचला. माझा सुस्कारा ऐकून ही म्हणाली, "झाले ना मी पास? आता उठा, तुमचे गुडघे कुरकुरतात."

गाठ काढली ती गेल्या वर्षी. मग औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. निरोप देताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की दर आठवड्याला वजन बघा, घटायला लागलं तर थांबू नका, सरळ घेऊन या. त्यांनी आणखीही पुष्कळ काही सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं, कारण त्यात आकडा होता. जन्मभर कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवलं, दुसरं काय होणार? त्याच दिवशी काटा विकत आणला. तेव्हापासून माझा आठवडा रविवारी सकाळी संपतो आणि तिथूनच पुन्हा सुरू होतो. सोमवारपासून जीव टांगणीला.

६ मार्च, बुधवार

प्रकाशक येऊन गेला. माझं पाठ्यपुस्तक त्याला पसंत आहे, पण सुरुवात म्हणे कोरडी. "सर, पहिलं प्रकरण जरा गोष्टीसारखं येऊ द्या. हिशेब, लेखा, हे शब्द आले कुठून, त्यांचे अर्थ काय, असं काहीतरी. चार पानं फक्त." चार पानं म्हणजे याच्या मते चहा पिण्याइतकं सोपं काम. मी हो म्हणून बसलो. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही मागितलं नव्हतं.

दुपारभर बसून एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. तीस वर्षं जो विषय शिकवला त्याच्या नावाचा अर्थ मला ठाऊक नाही, हे तेव्हा लक्षात आलं. वर्गात एखाद्या पोराने विचारलं असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं.

संध्याकाळी हिने नेहमीप्रमाणे विचारलं, "अहो, आज काय काय झालं ते सांगा ना." कॉलेजात होतो तेव्हा घरी आलो की बूट काढायच्या आत हा प्रश्न यायचा. मग मी प्राचार्यांची फजिती सांगायचो, त्यांना 'पोपट' हे नाव हिनेच ठेवलेलं. आता घरात बसून काय घडणार आणि काय सांगणार? म्हटलं, काही झालं नाही, डोकं मात्र दुखतंय. ही बरं म्हणाली आणि दिवा लावायला उठली. उठताना भिंतीला हात लावला.

१० मार्च, रविवार

बावन्न.

हिचं जेवण कमी झालंय. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणते. पण काटा जागचा हलत नाही, म्हणजे जे खाते ते अंगी लागतंय. मी तसं म्हणालो तर ही हसली. म्हणाली, अपचन आहे थोडं, बाकी काही नाही.

१३ मार्च, बुधवार

वाचनालयातून तीन जाडजूड कोश आणले. खांदा निखळायचाच बाकी राहिला. 'हिशेब' अरबीतून आला, मूळ अर्थ मोजणी. 'जमा'ही तिकडचाच, म्हणजे गोळा झालेलं. 'बाकी' म्हणजे मागे उरलेलं. 'कीर्द' फारसीतून, रोजच्या रोज जे केलं ते. 'लेखा' आपल्याकडचा, लिहिण्यावरून, आणि लिहिणं म्हणजे मुळात ओरखडा काढणं. एवढे पाहुणे माझ्या घरात तीस वर्षं राहिले आणि मी एकाचीही विचारपूस केली नाही.

ही शेजारच्या खोलीतून काहीतरी सांगत होती. वॉशिंग मशीनचं कुठलं बटण आधी आणि कुठलं नंतर. मी म्हटलं, मला काय करायचंय त्याच्याशी? तर म्हणाली, इकडे येऊन एकदा बघा तरी. गेलो, बघितलं, विसरलो.

१९ मार्च, मंगळवार

आज जरा हसलो, म्हणून लिहून ठेवतो. जुन्या टिपणांचा गठ्ठा काढला होता. त्यात 'भरपाईच्या चुका' हे माझं गाजलेलं व्याख्यान सापडलं. खतावणीत एका बाजूला चूक झाली आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच रकमेची उलटी चूक झाली, की दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या येतात. तेरीज, म्हणजे त्या बेरजांचा ताळा, जुळते, आणि चूक आत तशीच राहते. ही हे व्याख्यान इतक्या वेळा घरात ऐकत आलीय, की आज दाराच्या चौकटीला टेकून, माझ्या आवाजात, हातवारे करून तिने म्हणून दाखवलं, "पोरांनो, तेरीज जुळली म्हणून नाचू नका. इकडे शंभर कमी लिहिले आणि तिकडे शंभर जास्त, तरी ती जुळते. मेली खोटं हसून दाखवते."

मी टाळ्या वाजवल्या. ही मात्र पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली, जणू पुढे मी काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, 'मेली' हा शब्द तुझा, माझा नव्हे. मग ती आत गेली.

२४ मार्च, रविवार

बावन्न. हिच्या बोटातली अंगठी सैल झालीय, आत दोरा गुंडाळून घातलीय. म्हणाली, उन्हाने बोटं आकसतात. पण गाऊनच्या कमरेची शिवण मात्र उसवून सैल केलीय. मी चिडवलं, "बाईसाहेब, पोट सुटलं! आराम मानवला तुम्हाला." खरंच पोट आलंय तिला. इतक्या दिवसांनी तिच्या अंगी काहीतरी लागलं, म्हणून मला बरं वाटलं. नेहमी असल्या चेष्टेला चोख उत्तर येतं. आज ती अंगठीचा दोरा घट्ट करत बसली.

२८ मार्च, गुरुवार

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई जिन्यात भेटल्या. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण बोलताना अजून मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात. म्हणाल्या, ताईंना एकदा दाखवून आणा. मी म्हटलं, तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि वजन तिळभरही कमी नाही. त्या म्हणाल्या, वजन राहू द्या हो, त्यांचे खांदे बघा. मी जरा तोडून बोललो. म्हटलं, तुम्ही अंदाजाने बघता, मी काट्याने बघतो. त्या पुढे काहीतरी बोलणार होत्या, पण आमच्या दारात ही उभी होती. नर्सबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि पिशवी उचलून वर गेल्या.

घरात आल्यावर मलाच लाज वाटली. ती बाई काळजीनेच बोलली असणार. पण लोकांच्या काळजीला आधार काय असतो? माझ्याकडे निदान आकडा आहे. तो हातचा सुटला, तर मी उभासुद्धा राहू शकणार नाही. हे मी हिला कधी बोललेलो नाही.

२ एप्रिल, मंगळवार

प्रकरण सातव्यांदा फाडलं. मला लिहिता येत नाही, एवढंच या महिन्यात सिद्ध झालं. प्रकाशकाचा फोन येतो आणि मी न्हाणीघरात जाऊन बसतो. हे पुस्तक झालं नाही तर माझं काय उरलं? पेन्शन, आणि कोपऱ्यातली खुर्ची.

ही म्हणाली, थोडं बाहेर बसू या, गॅलरीत, गप्पा मारू. मी खेकसलो. म्हटलं, अगं, चार पानं होऊ देत, मग जन्मभर गप्पा मारू. ती एकटीच जाऊन बसली. नंतर पाहिलं, तर पाठीला दोन उशा घेऊन बसली होती.

मुलीचा फोन आला होता. दोघी दार लावून पुष्कळ वेळ बोलल्या. मुलगी रजा टाकून येतेय. म्हणे, कामाचा कंटाळा आला. चांगलं आहे, हिला सोबत होईल आणि मला लिहायला शांतता.

९ एप्रिल, मंगळवार

सापडलं! संस्कृतात 'ख्या' म्हणजे सांगणं, जाहीर करणं. त्यावरूनच 'आख्यान' झालं, गोष्ट. आणि त्यावरूनच 'संख्या'. पलीकडे लॅटिनवरून आलेल्या भाषांतही तसंच, मोजण्याचा शब्द आणि गोष्ट सांगण्याचा शब्द एका घरातले. म्हणजे हिशेब म्हणजे नुसती मोजणी नव्हेच. मोजलं ते कोणालातरी सांगायचं, आणि त्याने ते ऐकून घ्यायचं. देणारा एकटा असून चालत नाही, घेणाराही लागतो. मी तीस वर्षं अर्धाच विषय शिकवला.

धावत जाऊन हिला सांगितलं. ती पलंगावर आडवी होती, मुलगी पाय चेपत होती. पाय सुजले होते, बहुधा उन्हाने. हिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी रोज संध्याकाळी तुमच्याकडे हिशेबच मागत होते की हो."

मला ते वाक्य इतकं आवडलं, की विसरायच्या आत लिहायला परत टेबलाकडे पळालो. मुलगी उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि "बाबा" म्हणाली. मी हाताने थांब म्हटलं. थोडी थांबली, मग गेली.

१४ एप्रिल, रविवार

बावन्न. काट्यावर चढायला मुलीचा हात धरावा लागला. मुलीने आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि ढसाढसा रडायला लागली. मी म्हटलं, अगं वेडे, बावन्न म्हणजे बावन्न, रडतेस कशाला? हिने तिला डोळ्यांनी दटावलं. बायकांचं आपसातलं मला कधी कळलं नाही.

प्रकरण जवळजवळ झालं. एक पान राहिलंय.

१७ एप्रिल, बुधवार

सकाळी हिला श्वास लागला. आडवं होता येईना. नर्सबाईंनी चप्पलही न घालता खाली येऊन गाडी बोलावली.

डॉक्टरांनी विचारलं, वजन बघत होता ना? मी म्हटलं, दर रविवारी, एकदाही चुकलो नाही, बावन्नचं एक्कावन्न झालं नाही. किती अभिमानाने बोललो मी! त्यांनी हिच्या दंडावरची चादर बाजूला केली. मी तो दंड रोज बघत होतो आणि आज पहिल्यांदा बघितला. कातड्याखाली हाडच होतं.

डॉक्टर म्हणाले, "सर, अंग झिजत होतं आणि पोटात पाणी साठत होतं. जेवढं हे गेलं तेवढं ते आलं. काटा कसा हलणार?"

त्यांनी सुईने पाणी काढलं. नळीतून ते बाटलीत उतरत होतं आणि मी बघत होतो. मग तिथल्या नर्सने हिला काट्यावर उभं केलं. आकडा मी वाचला नाही. पाठ फिरवून उभा राहिलो.

तेरीज जुळली म्हणून नाचू नका, असं मी हजारो पोरांना सांगितलं. हिने ते मलाच म्हणून दाखवलं, दारात उभं राहून, पोटावर हात ठेवून. आणि मी टाळ्या वाजवल्या.

१८ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरांना गाठून विचारलं, महिनाभर आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, आजार पुन्हा पसरलाय, बरा झाला नसता. थोडे दिवस वाढले असते कदाचित, थोडा त्रास वाचला असता. कदाचित. एवढ्या एका शब्दावर मला आता उरलेलं आयुष्य काढायचं आहे.

मुलीला माहीत होतं. नर्सबाईंना माहीत होतं. हिनेच दोघींना शपथ घातली होती. घरात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि लक्ष ठेवणारा म्हणून मिरवत होतो तो मी.

२० एप्रिल, शनिवार

आज हिला बरं वाटत होतं. मुलगी खाली गेल्यावर मी विचारलं, का नाही बोललीस? माझा आवाज चढला. आजारी माणसावर मी ओरडत होतो.

ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून इथंच आले असते. मला थोडे दिवस माझं घर हवं होतं." मग म्हणाली, "आणि अहो, रविवारी काटा बघून तुमचं तोंड असं उजळायचं. आठवडाभर नुसते सुतकी चेहऱ्याने फिरायचात. मला ते तेवढं बघायचं असायचं."

मी तिच्या पायांशी डोकं टेकलं. माझं तोंड बघायला ती त्या काट्यावर चढत होती, आणि मी आकडा बघत होतो. एका रविवारी तरी मान वर करून तिच्याकडे बघायला काय झालं होतं मला?

२७ एप्रिल, शनिवार

पाणी पुन्हा साठलं, पुन्हा काढलं.

संध्याकाळी ही म्हणाली, "आज काय काय झालं ते सांगा ना." दिवसभर हिच्याच उशाशी बसलोय, नवीन काय सांगणार? जे झालं ते तिलाच झालं. पोपटाची एखादी जुनी फजिती सांगायला गेलो, तर शेवट आठवेना. तिनेच तो सांगितला, दमत दमत. इतकी वर्षं मी काय काय बडबडलो, ते सगळं तिच्याजवळ आहे. माझ्याजवळ काही नाही.

मग म्हणाली, "बरं, आजचं राहू दे. मी गेल्यावर काय काय होतं ते सांगा."

मी रागावलो. म्हटलं, असलं अभद्र बोलायचं नाही. ती म्हणाली, "अभद्र काय त्यात? मी नसेन, मला कळणार कसं? तुम्ही सांगितलंत तरच कळेल." आणि डोळे मिटून घेतले. गंमत करत होती का, ते मी विचारलं नाही.

४ मे, शनिवार

प्रकरण वाचून दाखवायला सांगितलं तिने. दोन पानं ऐकली. "छान आहे, पण तुमच्या आवाजात नाही," म्हणाली. मग झोप लागली. तिसरं पान मी मनात वाचलं.

९ मे, गुरुवार

आज सकाळी ही गेली. मुलगी जवळ होती. मी औषध आणायला खाली गेलो होतो.

२ जून, रविवार

आज मुलगी परत गेली. जाताना म्हणाली, बाबा, तुम्ही काही खाल्लंत की मला फोन करत जा. मी हो म्हटलं. तिला गाडीत बसवून परत आलो, कुलूप काढलं, बूट काढले, आणि तसाच खुर्चीत बसलो. कोणी काही विचारलं नाही. रविवार होता, आणि वाट बघण्यासारखं काही नव्हतं. रात्रीपर्यंत असाच बसून राहीन या भीतीने वही काढली.

अगं, तू म्हणाली होतीस सांगा, म्हणून सांगतो.

काटा आता नर्सबाईंकडे आहे. मी टाकून देणार होतो, त्यांनी मागून घेतला. सकाळी वरून त्यांच्या नवऱ्याचा आवाज आला, काटा खोटा आहे म्हणून. नर्सबाई म्हणाल्या, काटा खरा आहे, तुम्ही खोटे आहात. तू असतीस तर खिडकीशी जाऊन कान लावला असतास.

परवा प्रकाशक येऊन प्रकरण घेऊन गेला. दारात मान खाली घालून उभा होता. चाळलं आणि म्हणाला, उत्तम झालंय सर, पण खरं सांगू का, पोरं पहिलं प्रकरण वाचत नाहीत, परीक्षेला नसतं. या चार पानांसाठी मी तुला गॅलरीत एकटीला बसवलं.

वॉशिंग मशीन लावलं. आधीचं बटण नंतर दाबलं. न्हाणीघरात पाणीच पाणी झालं. मी त्या पाण्यात उभा होतो आणि तू दाखवत होतीस तेव्हा मी खिडकीबाहेर काय बघत होतो ते आठवायचा प्रयत्न करत होतो. आठवलं नाही.

पोपट भेटायला आले होते. तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. हे नाव तूच ठेवलंस ते त्यांना माहीत नाही, आणि मध्येच मला हसू फुटलं. त्यांना वाटलं मी रडतोय, म्हणून पाठीवर हात ठेवला. मग खरंच रडलो.

पुस्तकात मी लिहिलंय, की हिशेब देणारा एकटा असून चालत नाही, घेणाराही लागतो. ते वाक्य बरोबर आहे. मी आता तपासून बघितलं.

आज एवढंच झालं.